गडग्यावरच्या एकवीस करवंट्या

पाऊस गेला हे मला कॅलेंडर सांगत नाही, गडगा सांगतो. गडगा म्हणजे आमचं घर आणि माझ्या धाकट्या जावेचं, नंदाचं घर यांच्या मधला जांभ्या दगडांचा बांध. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड, माझ्या कमरेएवढा. पावसाचे चार महिने तो शेवाळाने असा बुळबुळीत असतो की हात टेकायची सोय नाही. मग आश्विनात कधीतरी कपडे वाळत घालताना सहज हात टेकावा, तर दगड कोरडा आणि चक्क कोमट. शेवाळ काळं पडून सुटायला लागलेलं. मग मी ओले हात पदराला पुसते आणि मनातल्या मनात बादल्या मोजायला लागते.

यंदा हात टेकायला जाताच आलं नाही. नवरात्राच्या तोंडावर माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता वॉकर धरून पडवीपर्यंत यायचं, खुर्चीत बसायचं आणि लांबूनच गडग्याकडे बघायचं. त्याच्यावर नारळाच्या करवंट्यांची रांग आहे, आणि प्रत्येक करवंटीत टोमॅटोचं एकेक रोप. बी यांनी पेरलं, म्हणजे माझ्या नवऱ्याने, आणि मी खुर्चीतून आरडाओरडा केला. "अहो, खोल नको! बी पेरताय की सुरण?" तरी उगवलं बिचारं. आज सकाळी बघितलं तर प्रत्येकाला चार-चार पानं आलेली. आता ती मोठ्या बादल्यांत हलवायला हवीत, आणि मी ही अशी पाय लांब करून बसलेली. जीव नुसता वरखाली होतोय.

टोमॅटोच्या रोपाला तुम्ही कधी हात लावला आहे का? नुसतं बोट लागलं तरी एक हिरवा, तिखट वास बोटांना चिकटतो. साबणाने जात नाही. माझ्या सासूबाईंच्या, आईंच्या हाताला दिवाळीच्या आधी आठवडाभर तोच वास असायचा. त्याच हातांनी त्या चकल्या पाडायच्या आणि आमच्या चकल्यांना तो वास लागतो अशी माझी वर्षानुवर्षांची तक्रार असायची. "लागू दे," त्या म्हणायच्या, "तुझ्या मसाल्यापेक्षा बरा आहे."

आईंचं पंचांग ठरलेलं होतं. घटस्थापनेला घटात धान्य पेरलं की त्याच ओल्या हाताने टोमॅटोचं बी करवंट्यांत टाकायचं. वसुबारसेच्या आत रोपं बादलीत. तेही उन्हं कलल्यावर, सकाळी नाही. "सकाळी हलवलंस तर दिवसभर उन्हात उभं राहावं लागतं गो त्याला. संध्याकाळी हलव, म्हणजे रात्रभर निजेल." रंगाच्या रिकाम्या बादल्या, बुडाला खिळ्याने पाडलेली भोकं, भोकांवर नारळाचं सोडण, म्हणजे वरची काथ्याची साल, वर लाल माती, शेणखत आणि चुलीतली मूठभर राख. करवंटी उपडी करून बुडावर एक टिचकी मारायची. मुळांसकट मातीचा गड्डा अलगद तळव्यावर येतो. मग खड्डा करून रोप गळ्यापर्यंत पुरायचं, अगदी वरची पानं तेवढी बाहेर. पहिल्या वर्षी मी घाबरले होते. आई म्हणाल्या, "पूर तू, भिऊ नको. देठावर लव आहे ना, तिथून मुळं फुटतात." आणि मग पुढचं वाक्य, जे त्या दरवर्षी म्हणायच्या आणि ज्याचा पुढे मला फार त्रास झाला, "हलवायची वेळ टळली की रोप खंतावतं."

ते टोमॅटो तसे दिसायला काहीच नव्हेत. बाजारात कोणी ठेवणार नाही असे, बारके, चपटे, भोपळ्यासारख्या पाकळ्या पडलेले. पण आंबट! आईंचं सार त्याच टोमॅटोचं. नारळाचं दूध, तुपाची जिऱ्याची फोडणी आणि तो आंबटपणा. फोडणी पडली की रस्त्यावरून जाणारा माणूस मान वळवायचा. बी त्यांनी लग्न होऊन आल्यापासून राखलेलं. रोपावरचा एक चांगला टोमॅटो निवडायचा, त्याच्या देठाला चिंधी बांधायची, आणि मग तो घरात कोणी काढायचा नाही. पुरा पिकून लिबलिबीत झाला की बी राखेत चोळून जुन्या कॅलेंडरच्या पानावर वाळवायचं.

मी सांगणार आहे तो हंगाम सहा वर्षांपूर्वीचा. त्या वर्षी ज्येष्ठात आई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. मी थोरली सून, त्या आमच्याकडेच राहायच्या. डॉक्टरांनी सांगितलं, तीन आठवडे अजिबात हलवू नका. मी हलवलं नाही. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं मी केलं. खोटं कशाला बोलू, मनापासून केलं.

नंदा रोज यायची. तिचं घर नवीन, दोनच वर्षं झालेली. दीर बोटीवर, वर्षातले आठ महिने समुद्रात, आणि मुलगी पुण्याला शिकायला. एवढ्या घरात ही एकटी. तिने मागच्या खोलीत खिडकीशी एक पलंग घालून ठेवला होता आणि म्हणत होती, "वहिनी, तीन आठवडे झाले. आता चार दिवस आईंना माझ्याकडे पाठवा ना. माझ्या घरात त्या एक रात्रसुद्धा राहिल्या नाहीत." मी म्हणायचे, "डॉक्टर नको म्हणतात." पुढच्या आठवड्यात म्हणायचे, "पाऊस बघत्येस ना, भिजतील त्या." त्याच्या पुढच्या आठवड्यात नुसतंच, "पुढच्या आठवड्यात बघू."

आणि एका दुपारी खुद्द आईच म्हणाल्या, "मालू, चार दिवस मला नंदाकडे ने गो." मी त्यांचे केस विंचरत होते. मी म्हटलं, "पाऊस थांबू दे, आई." त्यांनी पुन्हा विचारलं नाही. श्रावणात गेल्या.

का नाही नेलं मी? पाऊस वगैरे सगळं झूठ. येणारा-जाणारा म्हणायचा, "मालूताई, सेवा करावी तर तुम्ही." ते मला गोड लागत होतं. आणि पोटात एक भीती होती, जी मी तेव्हा स्वतःलाही सांगितली नाही. समजा तिथे त्यांना जास्त बरं वाटलं तर? समजा चार दिवसांनी म्हणाल्या की इथेच राहते, तर? एवढी क्षुद्र भीती. पण होती.

तेराव्याच्या दिवशी पंगत उठली आणि नंदा सगळ्यांसमोर मला म्हणाली, "वीस पावलं होती, वहिनी. वीस पावलं." ओरडली नाही, रडलीसुद्धा नाही. एवढंच बोलली आणि निघून गेली. गडग्याला एक बेडं आहे, येण्याजाण्यापुरतं बांबूचं फाटक. दुसऱ्या दिवशी बघितलं तर पलीकडून त्याला सुंभाने गाठ मारलेली.

झालं, बोलणं बंद. एकाच वेळी दोघी कपडे वाळत घालायला यायचो आणि दोघींना आकाशात काहीतरी महत्त्वाचं दिसायचं. निरोप यांच्यामार्फत. "नंदाला सांगा, पाण्याची मोटर बंद करायची राहिल्ये." हे गडग्याशी जाऊन सांगायचे, नंदा "बरं भावोजी" म्हणायची, हे परत येऊन मला "बरं म्हणाली" सांगायचे. सगळं मला ऐकू येत असायचं. एकदा वैतागून म्हणाले, "मला पगार तरी द्या कोणीतरी."

घटस्थापनेला मी आईंच्या ट्रंकेतून बियांची पुडी काढली. एकच पुडी होती. नंदाला अर्धं बी द्यावं असं मनात आलं, नाही असं नाही. पण बेड्याची गाठ दिसली आणि म्हटलं, राहू दे. सगळं बी पेरलं. एकवीस करवंट्यांत रोपं झाली. सकाळचं ऊन लागावं म्हणून गडग्यावर ओळीने मांडली, आई मांडायच्या तशीच.

वसुबारसेच्या दोन दिवस आधी, उन्हं कलल्यावर, बादल्या भरून बाहेर गेले आणि मोजते तर अठरा. पुन्हा मोजली. अठराच.

"अहो, तीन रोपं गेली!"

"मांजराने पाडली असतील."

"करवंट्यांसकट? मांजर करवंटी बगलेत मारून गेलं काय?"

मला काय कळायचं ते कळलं होतं. आमच्याकडे बायका मानतात की मागून आणलेलं रोप रुसतं, चोरून आणलेलं जगतं. अख्ख्या वाडीत एकमेकींच्या तुळशी, अबोल्या, कर्दळी अशाच फिरत असतात, आणि सगळ्यांना सगळं माहीत असतं. तरी मी गडग्याकडे तोंड करून चांगली खणखणीत बोलले, "मांजराला म्हणावं, तोंडाने मागितली असती तर दिली असती!" पलीकडे भांडी आपटल्याचा आवाज आला. मला बरं वाटलं.

आता माझी अक्कल ऐका. मी गुहागरची. आमच्या माहेरी नारळी-पोफळीच्या वाड्या पुळणीवर, म्हणजे वाळूवरच उभ्या. वाळूत हात घातला की माझ्या हाताला माहेर लागतं. इथली जांभ्याची माती उन्हात कशी दगडासारखी आवळते, बादलीत तर विचारूच नका. आई होत्या तोवर त्यांच्यापुढे माझं काही चालत नव्हतं. त्या वर्षी म्हटलं, आता आपल्या पद्धतीने करू. यांना स्कूटरवरून पाठवलं आणि किनाऱ्यावरची वाळू पोतंभर आणवली. हे म्हणाले, "अगं, खारी असेल." मी म्हटलं, "गुहागरात काय सगळं हवेत वाढतं?" माहेरचा विषय निघाला की हे माघार घेतात. निम्मी माती, निम्मी वाळू, हाताला कशी भुसभुशीत लागली! अठराच्या अठरा रोपं गळ्यापर्यंत पुरली, पाणी घातलं, आणि आईंच्या फोटोकडे बघून मनात म्हटलंसुद्धा, बघा.

माहेरच्या वाडीतली वाळू पिढ्यान् पिढ्या पावसाने धुतलेली असते, हे मला कोण सांगणार? मी आणली होती ती ताज्या भरतीची. आणि पाऊस तर संपलेला, मीठ धुऊन जायचं कुठून? पाडव्याला पानांच्या कडा तांबूस झाल्या. मला वाटलं, पाणी कमी पडतंय. आणखी पाणी घातलं. तुळशीच्या लग्नापर्यंत मातीवर पांढरट पापुद्रा धरला आणि रोपं एकामागून एक माना टाकत गेली. शेवटची दोन मी सावलीत ठेवली, माती बदलली, अगदी देवालाही सांगून बघितलं. गेली.

मी रिकाम्या बादल्यांमध्ये पायरीवर बसले आणि आई गेल्या तेव्हा रडले नव्हते तेवढी रडले. साठेक वर्षं त्या बाईने एक बी हाताळलं, दर वर्षी चिंधी बांधून राखलं, आणि मी एका दिवाळीत संपवलं. हे बाजूला येऊन बसले. "टोमॅटोच ते, बाजारात मिळतात," असं काहीतरी म्हणणार होते, पण माझा चेहरा बघून म्हणाले नाहीत. एवढं शहाणपण त्यांना संसाराने दिलंय.

नंदाने नेलेली तीन रोपं मला आठवली नाहीत असं नाही. पण ती जगली का मेली, हे कुणाला विचारणार? तिने ती घरामागे लावली असणार, आमच्या बाजूने दिसत नव्हतं. आणि तोंड उघडायचं म्हणजे आधी ते दुसरं सगळं उघडावं लागलं असतं.

माघ लागला. आंब्याला मोहोर धरला होता, सगळीकडे त्याचा गोड उग्र वास. एका दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते आणि त्या वासात दुसरा वास मिसळला. तूप, जिरं, नारळाचं दूध, आणि तो आंबटपणा. सूप माझ्या हातातून खाली आलं. असा आंबट वास बाजारच्या टोमॅटोला येत नाही, शपथेवर सांगते.

दुसऱ्या दिवशी हे झोपले आणि नंदाच्या घरातही सामसूम झाली. बेड्याला गाठ, मग काय करता? वयाच्या छपन्नाव्या वर्षी मी लुगडं खोचून गडगा चढले. एक दगड निसटला, कोपर खरचटलं. नंदाच्या घराला वळसा घालून मागे गेले. मोरीच्या पाण्यावर, काठ्यांचा आधार दिलेली तीन रोपं माझ्या खांद्याला लागतील एवढी झाली होती, आणि लालेलाल. तेच चपटे, पाकळ्या पडलेले टोमॅटो. मी वेड्यासारखी बघत राहिले. मग सगळ्यात पिकलेला होता त्याला हात घातला.

"तो नको, वहिनी. तो बियाण्याचा आहे."

नंदा मागच्या दारात उभी होती. सहा महिन्यांनी ती माझ्याशी बोलली होती. मी बघितलं, देठाला खरंच चिंधी बांधलेली. आईंच्या हिरव्या पातळाच्या काठाची.

मी पकडलेल्या चोरासारखी उभी. कोपरातून रक्त येतंय, पदर काटकीला अडकलेला. म्हटलं, "माझी सगळी मेली गो. मी समुद्राची वाळू घातली."

नंदाने कपाळाला हात लावला. "अहो, भरतीची वाळू? माझ्या माहेरी सावर्ड्यात समुद्र नाही, तरी मला कळतं!" आणि हसायला लागली. मलाही हसू आलं, आणि हसता हसताच माझा बांध फुटला. म्हटलं, "नंदा, आईंना तुझ्याकडे यायचं होतं. मला म्हणाल्या होत्या, चार दिवस ने. मी तुला सांगितलं नाही. पाऊसबिऊस काही नाही, मलाच त्यांना सोडायचं नव्हतं."

ती एका रोपाची सुटलेली दोरी काठीला पुन्हा बांधत राहिली. मग म्हणाली, "माहीत होतं मला. मलाही म्हणाल्या होत्या, तुम्ही आंघोळीला गेलेलात तेव्हा. मी वाट बघत होते, तुम्ही कधी सांगताय."

"मग बोलली का नाहीस? भांडायचंस तरी."

"भांडून आणल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं काय?" तिने डोळे पुसले. "त्या नाही आल्या. म्हणून मग रोपं आणली. त्यांचं काहीतरी या घरात जगायला हवं होतं ना, वहिनी."

तिने हाताला धरून मला आत नेलं, कोपराला हळद लावली आणि मागच्या खोलीत त्या पलंगावर बसवलं. पलंग तसाच होता. धुतलेली चादर, पायथ्याशी घडी घातलेली गोधडी, खिडकीतून दिसणारा गडगा. खिडकीशी आईंना बसल्या बसल्या आमचं अंगण दिसावं, म्हणून तो तिथे घातलेला, हे मला त्या दिवशी कळलं. तिने वाटीभर सार आणून दिलं. मी प्यायले. आईंच्या सारापेक्षा मीठ थोडं जास्त होतं, पण ते मी बोलले नाही. वाळूचा विषय पुन्हा निघाला असता.

त्या संध्याकाळी तिने बेड्याची गाठ सोडली. फाल्गुनात चिंधीचा टोमॅटो उतरवला, बी राखेत चोळलं आणि कॅलेंडरचं पान मधोमध फाडून दोन पुड्या केल्या. तेव्हापासून घटस्थापनेला दोन्हीकडे बी पडतं. तरी माझ्या रांगेतल्या तीन करवंट्या दरवर्षी नाहीशा होतात. एकदा मी आपणहून द्यायला गेले तर म्हणाली, "दिलेली नकोत. ठेवा गडग्यावर आणि आत जा." मी आत जाते. मांजराला ऐकू जाईल अशा आवाजात दोन वाक्यं बोलते, एवढंच.

यंदा मी मांजराला काय बोलणार? आज संध्याकाळी उन्हं कलली, रोपं गडग्यावर तशीच, आणि मी पडवीत बसून चडफडत्येय, तेवढ्यात बेडं वाजलं. नंदा आली. कोपरापर्यंत हात मातीने भरलेले.

"रोपं मी हलवते, सगळी. वाळू नाही घालत, काळजी नको." मग म्हणाली, "आणि तुम्हालाही नेते. चार दिवस. पलंग घातलाय."

हे आतून बाहेर आले. "अगं, डॉक्टरांनी जास्त हालचाल नको म्हटलंय. शिवाय खाली उतरायची पायरी आहे, दगड आहेत. पुढच्या आठवड्यात बघू."

पुढच्या आठवड्यात बघू! माझेच शब्द, फक्त आवाज यांचा. मी वॉकर पुढे ओढला आणि उभी राहिले. गुडघ्यातून कळ गेली, पण उभी राहिले. हे एका बाजूला, नंदा दुसऱ्या बाजूला, आणि मी तोंडाने मोजत निघाले. पायरी, अंगण, बेडं, तिच्या दारातली अबोली. गडग्याला जाता जाता हात टेकला. कोरडा होता, आणि कोमट. पलंगावर टेकले तेव्हा घामाने निथळत होते.

"सत्तावीस झाली," मी नंदाला म्हटलं. "वीस कुठली गो? तुझं तेव्हापासून मोजणंच चुकलंय."

नंदाने माझा पाय उचलून उशीवर ठेवला. "चुकलं नाही," ती म्हणाली. "माझ्या पावलांनी मोजलेली. मी त्यांना उचलून आणणार होते."